खाली पाणी आहेच

वासू कुठल्याही विहिरीजवळून गेला की आत खडा टाकायचा. लग्नाला गेलेला असो की मयताला. खडा टाकायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि कुणी विचारलेलं नसताना पाणी किती ते सांगायचा. एकदा गोराईला नात्यातलं मयत होतं. माणसं तिरडी बांधतायत आणि हा परसातल्या विहिरीशी उभा. मेलेल्या माणसाचा मुलगा रडत रडत तिथे गेला, "काका, काय करताय?" म्हणाला. वासू म्हणाला, "तुझ्या बापाने विहीर झकास खणलीय रे. रडू नकोस, पाणी भरपूर आहे." पोरगा रडायचं विसरून त्याच्याकडे बघतच राहिला.

वासू आमचा शेजारी आणि लांबच्या नात्याने माझा दीर. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणायची, पण मनात तो कायम वासूच होता. अंगाने किडकिडीत, कान मोठे, हाताला घासलेटचा वास. शर्टाच्या खिशात एक स्क्रू ड्रायव्हर असायचा. चालत्या यंत्रावर त्याचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. माणसांचं असं ऐकायला मात्र त्याला फुरसत नसायची. त्याच्या बायकोने, सुमनने, एकदा माझ्यासमोरच त्याच्या हातात तो स्क्रू ड्रायव्हर दिला नि म्हणाली, "हे घ्या, माझ्या डोक्याला लावा. म्हणजे तरी काय म्हणतेय ते ऐकू येईल." तो हसला आणि खरंच तिच्या डोक्याला लावला. "बेअरिंग गेलंय," म्हणाला.

बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला तेव्हा सगळ्या वाड्याच होत्या. आमची वाडी आणि वासूच्या घरची वाडी एकमेकींना लागून. मध्ये बांधावर विहीर. ती दोघांची. पालक, मुळा, अळू, वांगी, कडेने केळी आणि माड. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं. मी सकाळी पाटी भरून स्टेशनजवळच्या बाजारात बसायची. त्या विहिरीचं पाणी एवढं गोड होतं की पालक घेणारी गुजराती बाई पान चावून बघायची आणि म्हणायची, "ही खाडीकडची नाय, ही गोड वाडीची."

विहिरीवर रहाट होता. गाडग्यांची माळ, लाकडाचं चाक आणि ते ओढायला सोन्या नावाचा रेडा. सोन्याच्या मागे काळू फिरायचा. काळू जातीने वारली, आदिवासी. त्याचं गाव डोंगरात होतं. मुंबईला पाणी पाजायला तिथे धरण बांधलं आणि गाव पाण्यात गेलं, म्हणून तो बायकोला घेऊन इकडे आला होता. विहिरीतलं पाणी उतरलं की गाडगी अर्धीमुर्धी वर यायची, सोन्याला ओढ हलकी लागायची आणि तो आपणहून थांबायचा. त्याला तसं वळणच पडलं होतं. काळू त्याला काठी लावायचा नाही. "सोन्या बोलतो पुरे," म्हणायचा आणि जू सोडायचा.

अमावास्येला रहाट चालवायचा नाही असा सगळ्याच वाड्यांचा नेम होता. रेड्याला त्या दिवशी जुंपायचं नाही, घासून अंघोळ घालायची, शिंगांना तेल लावायचं आणि विहिरीच्या काठावर नारळ ठेवायचा. ही विश्रांती रेड्याची, असंच आम्ही सगळे समजत होतो.

वासू मरोळला एका कारखान्यात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी वाडीत असायचा, पण त्याचं चित्त रहाटाच्या लाकडात कधी नव्हतं. एक दिवस टेम्पोतून इंजिन आलं. कुणीतरी भंगारात घातलेलं. वासूने ते उचललं, उघडलं, पुसलं आणि त्यात जीव घातला होता. विहिरीच्या काठावर ठेवून हँडल मारलं तर ते असं धडधडलं की माडावरचे कावळे उडाले आणि सोन्या दावं तोडून पळाला. पाण्याचा लोट पाटात पडला. आम्ही बायका तर बघतच राहिलो. माझ्या मांडीएवढा पाण्याचा लोट मी पहिल्यांदाच बघत होते.

वासूचा बाप, तात्या, ओट्यावर बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "किती पाणी काढतं रे हे?"

"सोन्या दिवसभर काढतो तेवढं हे चहा पिऊन होईस्तो काढतं."

"आणि विहीर किती देते?"

"तात्या, खाली पाणी आहेच. आपला हात पोचत नव्हता एवढंच."

तात्या विडी विझवून म्हणाला, "तुझा हात लांब झाला म्हणून आईचं दूध वाढतं का रे?"

सगळे हसले. वासूही हसला. तो कधी चिडायचा नाही, हेच त्याचं वाईट होतं. चिडणाऱ्या माणसाशी भांडून त्याला थांबवता तरी येतं. वासू हसून पाना उचलायचा.

पुढच्या अमावास्येला त्याने इंजिन चालू केलं. तात्याने आतून हाक मारली, "अरे, आज अमावास्या!" वासू ओरडून म्हणाला, "इंजिनाला कसली अमावास्या?" त्यावरही आम्ही हसलो. मीही हसले. नारळ तेवढा ठेवला काठावर, पण तो इंजिनाच्या धक्क्याने गडगडत विहिरीत पडला.

खोटं कशाला बोलू, ती वर्षं आमची भरभराटीची होती. जिथे एक वाफा होता तिथे दोन झाले. उन्हाळ्यात बाजारात कुणाकडे भाजी नसायची तेव्हा आमच्या पाट्या भरलेल्या. आमच्या घरावर कौलं चढली, मुलं शाळेत चपला घालून जायला लागली. आमच्या यजमानांनी वासूला मिठी मारली होती, आणि आमचे यजमान कुणाला मिठी मारणारे नव्हते. सोन्याला बसवून खायला घालणं परवडेना. खाटकाने नेला. काळूने दोन दिवस तोंडात अन्न घातलं नाही. मग वासूने त्याला इंजिनाचं हँडल मारायला शिकवलं आणि काळू इंजिनवाला झाला.

तात्या आणि वासूचं हे भांडण रोजचंच. वासू म्हणायचा, "एवढी मुंबई वसलीय ती कुणाच्या विहिरीवर? लांबच्या डोंगरातून पाइपाने पाणी येतंच ना? माणसाने मनावर घेतलं तर पाणी कुठूनही आणतो."

तात्या काळूकडे बोट दाखवायचा. "त्याला विचार कुठून आणतो ते."

काळू मान खाली घालून हसायचा. त्याला दोघांचंही अन्न खायचं होतं.

हळूहळू बाकीच्या वाड्यांतही इंजिनं आली. सगळी वासूनेच बसवून दिली. पैसे घ्यायचा नाही. कुणी केळीचा घड द्यायचं, कुणी शहाळी. पहाटेपासून सगळीकडे धडधड. जमिनीखाली पाणी एकच, ते चहूबाजूंनी ओढलं जातंय, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर बोललं कुणी नाही. ज्याने आपलं इंजिन बंद ठेवलं असतं त्याचं पाणी शेजाऱ्याने नेलं असतं.

मग वाड्या विकल्या जायला लागल्या. खाडीकडून नव्हे, स्टेशनकडून. एकेक वाडी जायची आणि तिथे इमारत उभी राहायची. वासूचा धाकटा भाऊ मधू पार्ल्याला राहायचा, कचेरीत कारकून होता. बायको, मुलं, सासू सगळी दोन खोल्यांत. त्याला वाडी विकून ब्लॉक घ्यायचा होता. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. चिखलात हात न घालणाऱ्याने चिखलावर प्रेम का करावं?

वासूला मात्र वाडी म्हणजे जीव. यंत्रांवर एवढं प्रेम करणारा माणूस, पण मरोळहून आला की बूट काढायचा आणि अनवाणी सगळ्या बांधांवरून एक फेरी मारायचा. मगच चहा. मला वाटतं, हे सगळं इंजिनाचं वेड त्याने वाडीसाठीच लावून घेतलं होतं. कारखान्यात तो दिवसभर लोखंड घासायचा ते संध्याकाळी ओल्या मातीत पाय ठेवायला मिळावे म्हणून.

तात्या अंथरुणाला खिळला तेव्हा दोघा भावांना त्याने जवळ बसवलं. आम्हीही होतो. तो म्हणाला, "विहिरीला पाणी आहे तोवर वाडीला हात लावायचा नाही. विहिरीने सोडलं की विका, आणि अर्धं अर्धं घ्या. मग भांडायचं नाही." दोघांनी पायाला हात लावून कबूल केलं. तात्या महिन्याभरात गेला.

त्यानंतर मधू जेव्हा जेव्हा यायचा, तेव्हा आधी विहिरीकडे जायचा. वासू खडा टाकून ऐकायचा, मधू वाकून बघायचा. तोंडाने दोघेही एकमेकांची खुशाली विचारायचे.

आणि पाणी उतरत होतं. एका वैशाखात इंजिनाला जोडलेला पंप नुसतीच हवा ओढायला लागला. पाणी होतं, पण फार खाली. वासूने सांगितलं की पंप वर बसून ठराविक खोलीपर्यंतच ओढतो, त्यापुढे कितीही मोठा पंप आणा, देवसुद्धा ओढू शकत नाही.

"मग झालं तर," मी म्हटलं. "देवाला जमत नाही ते आपण कशाला?"

"पाणी वर येत नसेल तर आपण खाली जायचं, वहिनी," वासू म्हणाला.

त्याने विहिरीत अर्ध्यावर लोखंडी गर्डर टाकले, त्यावर फळ्या, आणि साखळीला बांधून ते इंजिन-पंपाचं धूड खाली सोडलं. आमचे यजमान साखळीला होते. काळू शिडीने खाली उतरून हँडल मारायचा, वर यायचा. पाणी परत पाटाला लागलं. मधू आला, बघून गेला. वासूने त्याला स्टेशनपर्यंत सोडलं आणि येताना जिलेबी आणली.

काळू दोन-तीनदा म्हणाला होता, "दादा, खाली डोकं गरगरतं." वासू म्हणाला, "उन्हाचं असेल. कांदा खा."

त्या दिवशी सकाळी मी बाजारातून लवकर परतले होते. पाट भरून चालला होता. काळूची बायको रखमी वाफ्याला पाणी लावत होती. मध्येच पाणी कमी झालं, पट्टा सरकला असावा, म्हणून काळू खाली गेला. पाणी परत पूर्ववत आलं. काळू वर आला नाही. रखमीने हाक मारली. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार? ती काठाशी गेली आणि तिथेच मटकन बसली. मी वासूच्या घराकडे बघून ओरडले.

वासूची सुट्टी होती. तो धावत आला. वाकून बघितलं आणि एका श्वासात त्याला सगळं कळलं, ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. इंजिनाचा धूर विहिरीत साठला होता. त्याने पंचा भिजवून तोंडाला बांधला, कमरेला एक दोर बांधला, दुसरा हातात घेतला आणि आमच्या यजमानांना म्हणाला, "दोर हलवला की ओढा." खाली गेला. काळूच्या काखेत दोर घालण्याएवढाच त्याच्याकडे दम होता. इंजिन बंद करण्याएवढा नव्हता. आधी काळूला ओढला, मग वासूला. वासू ओकला, त्याला ऊन पाण्याने अंघोळ घातली, तो वाचला. काळूचं तोंड लालबुंद झालं होतं, एखादा उन्हातून आल्यासारखा. पण तो गेला होता.

आणि इंजिन चालूच होतं. ते बंद करायला खाली कोण जाणार? त्यातलं तेल संपेपर्यंत ते चाललं. आम्ही काळूला केळीखाली ठेवला होता. पाट भरून वाहत होता, वाफे भरून बांधावरून पाणी सांडत होतं. रखमी एकच वाक्य म्हणत होती, "ते बंद करा. आधी ते बंद करा." कुणाला करता आलं नाही. त्या दिवशीसारखं भरपूर पाणी त्या पालकाला कधी मिळालं नसेल.

पोलीस आला, लिहून घेऊन गेला. अपघात.

काळूचे दिवस व्हायच्या आत वासू एक लांब लोखंडी नळी घेऊन आला. इंजिनाच्या धुराड्याला जोडली आणि विहिरीच्या बाहेर काढली, म्हणजे धूर वर जाईल. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊजी, माणूस गेलाय."

"म्हणूनच तर नळी लावतोय, वहिनी. आता पुन्हा कुणी जाणार नाही."

"आधी का नाही लावली?"

त्याचा हात थांबला. तो म्हणाला, "आधी ठाऊक नव्हतं." आणि परत पाना फिरवायला लागला.

हे बोलणं त्याला शोभत नव्हतं, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. त्या दिवसापासून मजूर म्हणून त्याने कुणालाही खाली उतरवलं नाही. कामावर जायच्या आधी स्वतः उतरायचा, आल्यावर स्वतः उतरायचा. रखमीला त्याने झोपडीतून हलवलं नाही, तिचं खाणंपिणं बघितलं. रखमीने मात्र त्या विहिरीचं पाणी पुन्हा तोंडात घेतलं नाही. लांब नाक्यावर नळ आला होता, तिथून हंडा आणायची. वासू बांधावर उभा असला तरी त्याच्या समोरून हंडा घेऊन जायची.

पुढच्या उन्हाळ्यात खालीही पाणी पुरेना. मग वासूने मरोळचे त्याचे दोस्त आणले आणि विहिरीच्या तळाला भोक पाडायला घेतलं. रविवारमागून रविवार. वरून दगडाचा भुगा भरलेल्या बादल्या यायच्या. आमचे यजमानही कंटाळले. आणि एका रविवारी खालून आरोळी आली. पाणी आलं, नुसतं आलं नाही, उसळलं. वासू शिडीवरून भिजत वर आला, पाणी त्याच्या पायामागून चढतंय असं वाटत होतं. त्याने पोरांना खांद्यावर घेऊन नाच केला. मधूला निरोप पाठवून बोलावून घेतलं. "ये, आता तू खडा टाक," म्हणाला. मधूने टाकला. लगेच डुबुक झालं. मधूचं तोंड पडलं, तरी तो म्हणाला, "दादा, मानलं बुवा तुला." वासू त्या दिवशी तात्याच्या तसबिरीसमोर बराच वेळ उभा होता. नमस्कार करत नव्हता. जिंकलेल्या पोरासारखा नुसता बघत होता.

वर्ष गेलं असेल. एका सकाळी माझा चहा फाटला. मी भय्याला धरलं. म्हटलं, "दुधात काय घालतोस रे मेल्या?" तो म्हणाला, "दूध को गाली मत दो बाई. पानी चखके देखो."

मी चाखलं. कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परत चहा फाटला. मग डाळ शिजेना. साबणाला फेस येईना. पालकाच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसायला लागल्या आणि वाफे सुकले की त्यावर पांढरं काहीतरी चढायचं, पीठ सांडल्यासारखं. मी बोटाने उचलून जिभेला लावलं. मीठ.

मी ते बोटावर घेऊन वासूकडे गेले. त्याने चाखलं. म्हणाला, "खताचं असेल."

"खताचं नाही. विहिरीत खाडी आलीय."

"वहिनी, खाडी तिकडे, आपण इकडे."

"तुम्ही एवढं ओढलंत, मग ती रिकाम्या जागेत येणार नाही तर काय करील?"

तो पहिल्यांदाच हसला नाही. पण गप्पही बसला नाही. त्याने कसलीशी पांढरी पूड आणून वाफ्यांत घातली. पावसाळ्यानंतर जरा बरं झालं. तो म्हणाला, "बघा." उन्हाळ्यात दुप्पट वाईट झालं. नाक्यावरच्या नळाचं पाणी आणून विहिरीच्या पाण्यात मिसळून बघितलं. पण हंड्याने वाडी भिजते का कधी? वांगी गेली, अळू गेलं, मग केळी. शेवटी माडांच्या झावळ्या खाली लोंबल्या आणि बोंडं सुपारीएवढीच असताना गळायला लागली. बाजारात ती गुजराती बाई पान चावून थुंकली आणि पुढच्या पाटीकडे गेली.

विहीर मात्र भरलेली. काढावं तेवढं पाणी. इंजिन रात्रंदिवस चालवलं असतं तरी उतरली नसती. खाडीला काय तोटा!

मधू आला तो एका सफारीतल्या माणसाला घेऊन. जागा बघायला आलेला. वासू विहिरीच्या काठावर उभा राहिला. "पाणी आहे," म्हणाला. "तात्यांचा शब्द आहे. पाणी आहे तोवर विकायचं नाही. टाक खडा."

मधूने खडा टाकला नाही. पोहरा सोडला, पाणी काढलं, एक घोट घेतला आणि थुंकला. सफारीवाला दोन पावलं मागे सरकला. मधूने तांब्या भरून वासूच्या हातात दिला.

वासूने सगळा तांब्या प्यायला. मध्ये न थांबता. मानेवरून ओघळ गेले. मनगटाने तोंड पुसून म्हणाला, "गोड आहे."

सुमनने पदर तोंडाला लावला. मधू म्हणाला, "दादा, असं नको ना रे करूस." मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा. तुमचीही विहीर आहे. तुम्ही खोटं बोलत नाही."

वासू माझ्या तोंडाकडे बघत होता. यंत्राचा आवाज ऐकताना बघायचा तसा.

मी म्हटलं, "खारं आहे."

आजही विचारलंत तर तेच सांगेन. त्या पाण्याने आमचीही वाडी मेली होती. मेलेल्याला जिवंत म्हणून कुणाचं भलं होणार होतं? वासूने हातातला तांब्या काठावर उपडा ठेवला आणि घरात गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मीही गेले नाही बोलायला.

वाडी विकली. पाठोपाठ आमचीही. आम्ही तिथून जवळच एका चाळीत गेलो. मधूला ब्लॉक मिळाला, त्याची सासू तिथेच सुखाने मेली. सुमनने पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. वासूचा कारखाना त्याच सुमाराला बंद पडला. दिवसभर कुठे जातो, असं विचारलं की सुमन वाडीच्या दिशेने नुसतं बोट दाखवायची.

मी गेले ते तुळशीवृंदावनाचा दगड आणायला. आमचा होता, राहून गेला होता. आमच्या बाजूला खांब उभे राहिले होते. वासूच्या बाजूला खडी आणि सळया. विहीर अजून बुजवायची होती. तिच्याजवळ धूर दिसला.

वासू तीन दगडांच्या चुलीसमोर बसला होता. चुलीवर लोखंडी पिंप, झाकण ओल्या मातीने लिंपलेलं. त्यातून तांब्याची नळी निघून भिजलेल्या गोणपाटातून फिरत खाली येत होती. नळीच्या तोंडाशी तांब्या. त्यात थेंब थेंब पाणी पडत होतं. त्याच्या मोठ्या कानांवर राख बसली होती.

"बसा वहिनी," तो म्हणाला. काल भेटल्यासारखा. "परदेशात समुद्राचं पाणी असंच गोड करतात. मोठी मोठी यंत्रं आहेत. तत्त्व हेच."

"दिवसाला किती निघतं?"

"तांब्याभर. लाकूड सुकं असलं तर थोडं जास्त."

मी चुलीत बघितलं. माडांचे ओंडके केव्हाच संपले असावेत. जळत होता तो रहाट. चाकाचा अर्धा गोल बाहेर होता, त्याच्या खाचेत गाडग्यांच्या दोराचे वळ उमटलेले.

त्याने तांब्या माझ्यापुढे धरला. "चाखा."

मी चाखलं. धुराचा वास होता. मीठ नव्हतं.

"सांगा."

"गोड आहे," मी म्हटलं. होतंच ते गोड.

त्याने मान हलवली. हसला नाही. तांब्या घेऊन उठला आणि चहूकडे बघायला लागला. पाणी घालायला त्याला काहीतरी हवं होतं. वाफे नव्हते, केळी नव्हत्या, माडांचे नुसते बुंधे. सळया, खडी, वाळूचा ढीग. तो एकदा त्या बाजूला गेला, एकदा या बाजूला आला. मी दगड डोक्यावर घेतला आणि निघाले. बांधाच्या टोकाशी जाऊन मागे बघितलं.

वासू विहिरीच्या काठाशी उभा होता. तांब्यातलं पाणी त्याने विहिरीत ओतलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिला.